निवृत्तीसाठी प्लॉट की शेअर्स? एका शिक्षिकेचा हिशोब



आमच्या केडगावात पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉटिंगच्या पाट्या वाढतच चालल्या आहेत. मधल्या सुट्टीत डबे उघडले की विषय ठरलेला. कुणी म्हणतं, "मॅडम, जमीन कुठं पळून जात नाही, दोन गुंठे घेऊन टाका." कुणी तरुण सर मोबाईल पुढे करून म्हणतात, "प्लॉटमध्ये पैसे अडकवू नका, एसआयपी करा." मलाही मागच्या वर्षी एक प्लॉट दाखवला गेला. हो-नाही म्हणण्याआधी मी वही घेऊन बसले. तो हिशोब इथे मांडते आहे.

आधी हा प्रश्न आपल्याच वाट्याला का आला ते पाहू. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत आलेल्या आपल्यासारख्यांना जुनी पेन्शन लागू नाही. आधी डीसीपीएस आलं, मग एनपीएस. मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला तो याच कारणाने. एनपीएसमध्ये आपल्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याचे १० टक्के कापले जातात आणि सरकार १४ टक्के भरतं. निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेपैकी जास्तीत जास्त ६० टक्के हातात मिळते. उरलेल्या ४० टक्क्यांतून दरमहा पेन्शन विकत घ्यावी लागते. सरकारने नंतर सुधारित पर्यायही पुढे आणले. पण आपल्या सासऱ्यांच्या पिढीला हा विचारच करावा लागला नाही, आपल्याला करावा लागतो.

यातली एक गोष्ट कित्येक सहकाऱ्यांना ठाऊक नसते. "शेअर बाजार म्हणजे जुगार, आपण त्या वाटेला जात नाही" असं म्हणणाऱ्या सरांचेही एनपीएसमधले काही पैसे शेअर्समध्येच असतात. सरकारी कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या योजनेत ही मर्यादा अनेक वर्षं १५ टक्क्यांपर्यंत होती. म्हणजे आपण त्या वाटेवर आधीच आहोत, फक्त विचारून नेलेलं नाही. डी.एड.ला आम्हाला पाठ टाचण काढायला शिकवलं, पगारपत्रक वाचायला कुणी शिकवलं नाही.

आता प्लॉटचा हिशोब. "वीस वर्षांपूर्वी लाखाला घेतला, आज दहा लाख झाले" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. दसपट ऐकून डोळे विस्फारतात. पण वीस वर्षांत दसपट म्हणजे वर्षाला साधारण १२.२ टक्के चक्रवाढ. वाईट नाही, चांगलीच वाढ आहे. फक्त ती जादू नाही. त्यातून खर्चही वजा करायचा. महापालिका हद्दीत खरेदीखत करताना साधारण ६ टक्के मुद्रांक शुल्क लागतं; बाईच्या नावावरची १ टक्का सवलत राहत्या घरासाठी असते, मोकळ्या प्लॉटला नाही. वर १ टक्का नोंदणी फी, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. पुढे कुंपण, घरपट्टीसारखा कर, दर पावसाळ्यात वाढलेलं गवत. कर्ज काढलं असेल तर त्याचं व्याज. शिवाय ज्याचा प्लॉट दसपट झाला तोच पारावर बसून सांगतो. ज्याच्या प्लॉटला अजून रस्ताच नाही, तो गप्प बसतो.

शेअर्सचं काय? मार्च २००४ अखेर सेन्सेक्स सुमारे ५,६०० होता, मार्च २०२४ अखेर सुमारे ७३,६००. म्हणजे तेरापट, वर्षाला साधारण पावणेचौदा टक्के, लाभांश वेगळाच. पण एवढंच सांगितलं तर ती अर्धी गोष्ट झाली. एप्रिल १९९२ मध्ये, हर्षद मेहताच्या काळात, सेन्सेक्स ४,४०० च्या वर गेला होता आणि एप्रिल २००३ मध्ये तो ३,००० च्या आसपास होता. अकरा वर्षांनी मुद्दलही नाही! जानेवारी २००८ मध्ये तो २१,००० ला टेकला आणि मार्च २००९ मध्ये ८,२०० च्या खाली आला. २३ मार्च २०२० ला तर एका दिवसात ३,९०० हून जास्त अंकांनी पडला आणि त्याच वर्षाच्या शेवटी ४७,००० च्या पुढे होता. ज्याला त्या मार्चमध्ये पैशांची गरज होती किंवा ज्याने घाबरून विकलं, त्याला हे शेवटचं वाक्य काही कामाचं नाही.

प्लॉटचा खरा गुण मला इथे दिसतो. प्लॉटचा भाव रोज मोबाईलवर दिसत नाही, म्हणून माणूस तो वीस वर्षं धरून ठेवतो. शेअर्स वीस वर्षं धरणारे कमी. मग आपण वीस वर्षांच्या प्लॉटची तुलना आठ महिन्यांच्या शेअर्सशी करतो आणि म्हणतो, जमीनच बरी.

आपल्या जिल्ह्यात लोकांना भीती वाटते, त्यालाही कारण आहे. शेवगाव तालुक्यात "शेअर मार्केट"च्या नावाखाली दरमहा मोठ्या परताव्याचं आमिष दाखवून पैसे गोळा केले गेले आणि २०२४ मध्ये त्यातले अनेक जण ऑफिसं बंद करून पसार झाले. शेतकऱ्यांचे पैसे गेले, नोकरदारांचेही गेले. पण ती शेअर्समधली गुंतवणूक नव्हतीच. आपल्या नावावर डिमॅट नाही, कुठल्या कंपनीचा शेअर घेतला ते माहीत नाही, फक्त "महिन्याला इतके टक्के" असा शब्द, याला गुंतवणूक म्हणत नाहीत. महिन्याला १० टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षात तिप्पट. हे गणित आठवीच्या मुलालाही करून पाहता येतं. बँकेत ठेवलेलंही सगळं सुरक्षित असतं असं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला तेव्हा ठेवीवर विमा फक्त ५ लाखांपर्यंत असतो, हे अनेक घरांना पहिल्यांदा कळलं.

मग ठरवायचं कशावर? मी स्वतःला एकच प्रश्न विचारला: साठीनंतर मला नेमकं काय लागणार आहे? दरमहा किराणा, औषधं, वीजबिल, आणि कधीतरी अचानक दवाखान्याचे लाख-दीड लाख. प्लॉट यातलं काहीच देत नाही. त्याला भाडं नाही, आणि दवाखान्याचं बिल भरायला त्याचा एक कोपरा तोडून विकता येत नाही. विकायचा तर अख्खा, आणि गरज आपली आहे हे कळलं की गिऱ्हाईक भाव पाडतं. फ्लॅट भाडं देतो. समजा ३० लाखांच्या फ्लॅटला महिना ८,००० मिळाले, तर ते वर्षाला ३.२ टक्के. भाडं महागाईबरोबर थोडं वाढतं हे खरं. म्युच्युअल फंडातून मात्र हवे तेवढेच हजार काढता येतात, बाकीचे वाढत राहतात. शेअर्स आणि शेअर्सच्या फंडांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत करही नाही.

म्हणून मी असं ठरवलं. राहतं घर ही पहिली गरज, ते गुंतवणुकीत धरायचं नाही. आमचं ते झालंय. दाखवलेला दुसरा प्लॉट सोडला, कारण त्यासाठी शिक्षक सोसायटीचं कर्ज काढावं लागलं असतं आणि हप्त्यानंतर हातात काहीच उरलं नसतं. त्याऐवजी महिना ५,००० रुपये निफ्टीच्या इंडेक्स फंडात. एकेका कंपनीचे शेअर्स निवडत बसायचं नाही. पंचवीस वर्षं १० टक्के दर मिळाला तर १५ लाखांचे ६६ लाख होतात. ऐकायला खूप वाटतं, पण ६ टक्के महागाई धरली तर आजच्या भावात ते फक्त पंधरा-सोळा लाख. म्हणून पगार वाढेल तसा हप्ता वाढवायचा. आणि पंचावन्नीपासून दरवर्षी थोडे पैसे बाजारातून काढून पोस्टात किंवा एफडीत न्यायचे, म्हणजे २००८ सारखं वर्ष निवृत्तीच्या तोंडावर आलं तरी किराणा अडणार नाही.

घरच्यांना हे लगेच पटलं नाही. "शेजारणीने प्लॉट घेतला, आपण कागद घेतला" असं बोलणं ऐकलं. प्लॉट डोळ्यांना दिसतो, पाहुण्यांना दाखवता येतो, याचं समाधान मोठं असतं आणि मी ते नाकारत नाही. ज्यांच्याकडे कर्जाशिवाय पैसे आहेत त्यांनी जरूर घ्यावा. फक्त एन.ए. आदेश, मंजूर लेआउट, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि प्लॉटपर्यंतचा रस्ता स्वतः पाहून घ्यावा, एजंटच्या तोंडावर जाऊ नये.

सातवीला सरळव्याज आहे, आठवीला चक्रवाढ. शिकवताना मुलांना एवढं करून द्या: ७२ ला व्याजदराने भागलं की पैसे किती वर्षांत दुप्पट होतात ते साधारण कळतं. १२ टक्क्यांना ६ वर्षं, ६ टक्क्यांना १२. मग विचारा, "महिन्याला १० टक्के देतो म्हणणाऱ्याचे पैसे किती महिन्यांत दुप्पट व्हायला हवेत?" उत्तर येतं सात महिन्यांच्या आसपास. घरी जाऊन आई-बाबांनाही हेच विचारायला सांगा. पालकहो, मुलाने विचारलं तर वही-पेन घेऊन त्याच्या शेजारी बसा.