रेषा त्यांनी आखायच्या आणि मत आपण द्यायचे?

रायगड लोकसभा मतदारसंघ म्हणजे रायगड जिल्हा, असा आपल्यातल्या बऱ्याच कार्यकर्त्यांचा समज आहे. तो चुकीचा आहे. पनवेल, कर्जत आणि उरण हे आपल्याच जिल्ह्यातले विधानसभा मतदारसंघ पिंपरी-चिंचवडसोबत मावळ लोकसभेत आहेत. उलट रत्नागिरीतले दापोली आणि गुहागर आपल्या पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाडला जोडले आहेत. जिल्ह्याचे कुलाबा हे नाव १९८१ साली गेले, मतदारसंघाचे मात्र २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत टिकले. १९५२ साली याच कुलाब्यातून चिंतामणराव देशमुख लोकसभेवर गेले होते.

माझे काम पेण आणि रोहा तालुक्यांत चालते. रोहा तालुका एक, तहसीलदार एक, पण आमदार तीन. नागोठण्याचा भाग पेणमध्ये, चणेऱ्याचा अलिबागमध्ये आणि रोहा शहर व कोलाड श्रीवर्धनमध्ये. एका बौद्धवाडीच्या स्मशानभूमीच्या रस्त्यासाठी आम्ही दोन वर्षे अर्ज करत होतो. एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात सांगितले, "ही वाडी आमच्याकडे येत नाही." दुसऱ्या कार्यालयात विचारले, "तुमची मते किती?" तालुक्यातली आपली माणसे एकत्र मोजली तर दखल घ्यावी लागेल एवढी आहेत. तीन तुकड्यांत ती कुणाच्याच हिशेबात येत नाहीत.

कुणी म्हणेल, मग राखीव जागा मागा. कायदा काय सांगतो ते आधी बघा. अनुसूचित जातींच्या जागा राज्याच्या वेगवेगळ्या भागांत, पण जिथे त्यांचे प्रमाण तुलनेने जास्त तिथे द्यायच्या. २०११ च्या जनगणनेत रायगडमध्ये हे प्रमाण सुमारे ५ टक्के आहे. आदिवासी साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आहेत. तरी जिल्ह्यातल्या सातही विधानसभा मतदारसंघांत एकही जागा राखीव नाही, ना आपल्यासाठी, ना कातकरी-ठाकरांसाठी. ज्या महाडला बाबासाहेबांनी १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह केला, तिथेही नाही.

बाबासाहेबांना हे दिसत होते. म्हणून त्यांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितला. आपली वस्ती विखुरलेली आहे, गावोगाव वेशीबाहेर आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. १९३२ च्या पुणे कराराने राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण निवडून देणारा मतदार संयुक्त झाला. आणि जिथे राखीव जागाच नाही, तिथल्या विखुरलेल्या अल्पसंख्याकाला तर तेवढाही आधार उरला नाही.

जगात दुसरी वाट नाही असे नाही. जर्मनीत मतदाराला दोन मते असतात, एक आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि एक पक्षाला. पक्षाच्या मतांच्या प्रमाणात संसदेतले बळ ठरते. तिथे पक्षांना ५ टक्के मतांची अट आहे, पण डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाला ती लागू नाही. २०२१ साली त्यांचा एक खासदार निवडून आला. मतदारसंघाची लोकसंख्या सरासरीपेक्षा २५ टक्क्यांहून अधिक वेगळी झाली, तर सीमा बदलाव्याच लागतात. आपल्याकडे मात्र २००८ च्या सीमा आजही २००१ च्या जनगणनेवर उभ्या आहेत.

आता २०२६ नंतरच्या जनगणनेवर नवी पुनर्रचना होऊ घातली आहे. तेव्हा "आमचे कुणी ऐकले नाही" असे म्हणून चालणार नाही. सीमांचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, जाहीर सुनावणी होते. प्रस्थापितांची माणसे तिथे नकाशे घेऊन हजर असतात. आपण कुठे असतो?

सुरुवात गावापासून करा. ग्रामपंचायतीच्या प्रभाग रचनेतही हाच खेळ चालतो. बौद्धवाडीच्या मधून रेषा गेली की दोन्ही प्रभागांत आपली लोकसंख्या कमी दिसते आणि राखीव जागा तिसरीकडे जाते. म्हणून प्रारूप लागले की त्याच दिवशी तहसील कार्यालयात जाऊन नकाशा बघा, घरे मोजा, मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. जनगणनेत धर्म बौद्ध लिहा, पण अनुसूचित जातीची नोंदही तपासून घ्या. आकड्यात नसलेला समाज नकाशातही नसतो.

जयंतीची वर्गणी आपण घरोघर फिरून गोळा करतो. तशीच एकदा घरांची यादी करूया.

जय भीम!