आमच्या घरचा फळांचा केक



हल्ली वाडी-वस्तीवरही मुलांच्या वाढदिवसाला केक लागतो. चौदा एप्रिलच्या आदल्या रात्री बारा वाजता तर कितीतरी गावांत केक कापूनच जयंतीला सुरुवात होते. याला नावे ठेवणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. पण मुलांना तो हवा असतो, आणि बेकरीतला खोक्यातला केक आणायचा म्हटले की मजुरीच्या घरात एका दिवसाचा रोज त्यात जातो. कुणी उधारीवरही आणतो. म्हणून आम्ही आमच्या घरी केक कसा करतो आणि का करतो, ते आज लिहीत आहोत.

आमचे घोडेगाव नेवासे तालुक्यात, नगरहून छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. इथला कांद्याचा बाजार मोठा. आम्ही दोघेही त्या कांद्यावरच जगतो. आमच्यातला एक गोण्या उचलतो, एक कांदा निवडायला जाते.

केक आम्हाला तसा परका नाही. गावाजवळच वडाळा बहिरोबा येथे अमेरिकन मराठी मिशनचे जुने ठाणे आहे. हे मिशन १८३१ साली नगरला आले. पुढे या भागातल्या महारवाड्या-मांगवाड्यांतली कित्येक घरे ख्रिस्ती झाली, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर कित्येक बौद्ध झाली. त्यामुळे आमच्या नात्यागोत्यात नाताळही आहे आणि बुद्धपौर्णिमाही. नाताळच्या ताटातून आलेली केकची वडी आम्ही लहानपणापासून खात आलो.

भारतातला पहिला नाताळचा केक केरळातल्या थलश्शेरी गावी १८८३ साली भाजला गेला, असे सांगतात. मर्डॉक ब्राऊन नावाच्या मळेवाल्या साहेबाने विलायतेहून आलेला केक मंबल्ली बापू या बेकरीवाल्याला चाखायला दिला आणि तसाच करून मागितला. बापूंनी गावात मिळेल त्या मालावर तो करून दाखवला. मिळेल त्या मालावर करायचा, हाच धडा आम्हीही घेतला.

आमचा माल असा. दोन वाट्या गव्हाचे पीठ, एक वाटी किसलेला गूळ, एक वाटी आंबट दही, अर्धी वाटी गोडेतेल, एक छोटा सपाट चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, थोडी सुंठ आणि जायफळ. फळे म्हणून काळे मनुके, बिया काढून चिरलेला खजूर आणि टूटीफ्रूटी, सगळे मिळून एक वाटी. टूटीफ्रूटी म्हणजे कच्च्या पपईचे पाकात मुरवलेले रंगीत तुकडे, म्हणून ती स्वस्त पडते. काजू-बदामाच्या जागी भाजलेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट मूठभर घालतो.

मोठ्या शहरांत ही फळे रममध्ये भिजवतात. आपण पंचशील घेतलेली माणसे, म्हणून आम्ही मनुके आणि खजूर कोऱ्या चहात रात्रभर भिजवतो. अर्धी वाटी कडक चहा पुरतो. त्याने केकला रंगही छान येतो. उरलेला चहा ओतून न देता पिठातच घालायचा.

पीठ, सोडा, मीठ आणि सुंठ-जायफळ एकत्र चाळून घ्यावे. दही, गूळ आणि तेल गूळ विरघळेपर्यंत घोटावे. निथळलेली फळे आणि टूटीफ्रूटी चमचाभर कोरड्या पिठात घोळवावी, म्हणजे ती तळाला बसत नाहीत. मग सगळे एकत्र करून हलक्या हाताने कालवावे. फार घोटले तर केक चिवट होतो. दह्याचा आंबटपणा सोड्याला लागला की वायूचे बुडबुडे सुटतात आणि त्यांनीच केक फुगतो. म्हणून पीठ कालवल्यावर ठेवून द्यायचे नाही, लगेच भाजायला लावायचे.

ओव्हन आमच्याकडे नाही. जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात दोन बोटे चाळलेली कोरडी वाळू घालतो, वर कड्याळे ठेवतो, झाकण लावतो आणि दहा मिनिटे तापवतो. मग तेल लावून पीठ भुरभुरलेला स्टीलचा डबा आत ठेवून मंद आचेवर पाऊण ते एक तास भाजतो. पहिला अर्धा तास झाकण उघडायचे नाही. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाला. कुकर वापरायचा असेल तर शिटी आणि रबर दोन्ही काढून ठेवावे. केक दुसऱ्या दिवशी नीट कापला जातो.

आता का करतो ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या मुलीने वाढदिवसाला वर्गातल्या सहा मैत्रिणी बोलावल्या. केक घरीच करू म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. आम्हाला वाटले, तिला क्रीमचा हवा असेल. ती म्हणाली, "खोक्यातला आणा. खोक्यातला सगळ्या खातात. घरचा केला तर खातील का?"

बारा वर्षांच्या पोरीने हे ओळखले होते. आमच्या सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत. येसकर पाळीच्या भाकरीचे तुकडे त्यांनी पाहिले आहेत, खाल्लेही आहेत. दुकानदार वरून हातावर टाकायचा, तो गूळही त्यांना आठवतो. १९५८ च्या कायद्याने महारकीचे वतन गेले. पण कुणाच्या हातचे कोण खातो, हा प्रश्न कायद्याने एका दिवसात जात नाही. सासूबाईंनी नातीला जवळ घेतले आणि म्हणाल्या, "बाई, आपण वाढायचं. खायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. पण वाढायला आपण का भ्यावं?"

केक घरीच केला. सहापैकी चौघी आल्या. तिघींनी तिथेच बसून खाल्ला, एकीने दुसरी वडी मागून घेतली. चौथीने कागदात गुंडाळून दप्तरात ठेवला. तिने तो पुढे खाल्ला की टाकला, हे आम्ही विचारले नाही. गेल्या वर्षी पाच जणी आल्या, आणि ती चौथी त्यात होती. तिने ताटलीतच खाल्ला.

मेणबत्तीवरून घरात वाद झाला. लावलेली ज्योत फुंकायची कशाला, असे सासूबाईंचे म्हणणे. म्हणून आम्ही मेणबत्ती केकवर लावत नाही. भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे लावतो, त्रिशरण-पंचशील घेतो, मग केक कापतो. पोरांची त्याला काहीच तक्रार नाही.

भगिनींनो, खोक्यातला केक आणू नये असे आमचे म्हणणे नाही. ऐपत असेल त्याने जरूर आणावा. पण उधारी करून आणू नका. आणि घरी कराल तर दार लावून खाऊ नका. शेजारच्या, वर्गातल्या, गावातल्या सगळ्या पोरांना बोलवा आणि आपल्या हाताने वाढा.