कायमचं म्हणजे किती?

"आयपीएल करून घे ना, कायमची सुटशील," पार्लरवाली दातातला दोरा सोडत म्हणाली. मला आधी वानखेडेच आठवलं. मग कळलं, हे वेगळं आयपीएल. इंटेन्स पल्स्ड लाईट. प्रकाश मारून केस काढायचे.

विषय जरा नाजूक आहे, पण लिहायचाच म्हटलं. मला हनुवटीवर केस येतात. पीसीओएस, कॉलेजपासून. दर शनिवारी सकाळी बोरिवलीतल्या दोन खुर्च्यांच्या पार्लरमध्ये थ्रेडिंग ठरलेलं. मीटिंगमध्ये माझा हात सारखा हनुवटीवर असतो. लोकांना वाटतं, केवढा विचार करतेय! आणि लग्नकार्यात एक मावशी हमखास म्हणणार, "अगं, दाढी आली की तुला!" सगळे हसतात. मीही हसते. नंतर बाथरूमचं दार लावून चिमटा काढते.

त्यामुळे 'कायमची' हा शब्द ऐकल्यावर मी फार विचार केलाच नाही. सहा सिटिंगचं पॅकेज, पैसे आधी. घरी नवीन फ्रिज घ्यायचाय, पण तो थांबला.

पहिल्या दोन सिटिंग ठीक गेल्या. तिसरीच्या आधीच्या रविवारी आम्ही ऑफिसवाले अलिबागला गेलो होतो, दिवसभर उन्हात. हे मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मशीन लावल्यावर जरा जास्तच चटका बसला. दुसऱ्या दिवशी हनुवटीखाली दोन काळपट डाग, अगदी पट्टीने आखल्यासारखे आयताकृती. "कोरफड लाव, जाईल." नाही गेले. तीन आठवडे ओढणी गुंडाळून लोकलने ऑफिसला गेले आणि शेवटी अंधेरीला स्किनच्या डॉक्टरांकडे.

त्यांनी जे समजावलं ते मला आमच्या भाषेत लगेच कळलं. केसातलं काळं रंगद्रव्य, मेलॅनिन, प्रकाश शोषतं, त्याची उष्णता होते आणि मुळाशी केस तयार करणारा भाग जळतो. नेमक्या लक्ष्यालाच तापवायचं, आजूबाजूला धक्का नाही, ही कल्पना अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी 1983 मध्ये मांडली. गोची अशी की मेलॅनिन कातडीतही असतं. आपल्यासारख्या सावळ्या लोकांच्या कातडीत भरपूर, आणि उन्हात रापल्यावर अजून जास्त. म्हणजे 'जे जे काळं ते ते उडव' अशी डिलीट क्वेरी मारली आणि कंडिशन नीट लावलीच नाही, तर भलत्याच रो उडणार! आयपीएलमध्ये साधारण 500 ते 1200 नॅनोमीटरचा सगळा मिश्र प्रकाश असतो. फिल्टर आणि सेटिंग चुकलं की भाजलंच. सावळ्या कातडीला 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित. तो खोल जातो आणि वरच्या थरातलं मेलॅनिन त्याला कमी शोषतं.

दुसरा बग माझाच. दोन सिटिंगच्या मधे मी थ्रेडिंग करत होते. दोऱ्याने केस मुळासकट निघतो, मग प्रकाशाने शोधायचं काय? फक्त शेव्ह करायचं असतं. गंमत म्हणजे हे थ्रेडिंग त्याच पार्लरमध्ये, त्याच खुर्चीवर चाललेलं!

आणि कायमचं? अमेरिकेच्या एफडीएने 1998 मध्ये या लेझरना 'कायमस्वरूपी घट' एवढंच म्हणायची परवानगी दिली. घट. निर्मूलन नाही. केस टप्प्याटप्प्याने वाढतात, वाढीच्या टप्प्यात असतील तेवढेच सापडतात, म्हणून इतक्या सिटिंग. पांढऱ्या केसांवर काहीच होत नाही. हार्मोन बिघडलेले असले की नवे केस येतच राहतात, त्यामुळे पीसीओएसवरही इलाज लागतो. चेहऱ्यावर तर क्वचित बाजूची बारीक लवच जाड व्हायला लागते. यातलं काहीही त्या पॅकेजच्या कार्डावर नव्हतं.

मी भांडायला गेले होते. ती म्हणाली, "ताई, मशीनचा हप्ता चालू आहे अजून. मला दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं फक्त." उरलेल्या सिटिंगचे पैसे तिने दोन वेळा करून परत दिले. मग माझा आवाज काही चढला नाही.

डाग जायला आठ महिने लागले. आता डॉक्टरांकडे लेझर चालू आहे. केस बरेच कमी झालेत, गेले नाहीत. तुम्ही जाणार असाल तर एवढं नक्की विचारा: मशीन कोणतं, माझ्या रंगाला चालेल का, आधी छोट्या जागेवर करून बघाल का, आणि भाजलं तर बघणार कोण?

असो. गेल्या महिन्यात ठाण्याला मुंजीत मावशी भेटली. "दाढी गेली वाटतं!" या वेळी मी हसले नाही. म्हटलं, "मावशी, आजार आहे तो. पीसीओएस म्हणतात." ती गप्प झाली. जेवणं झाल्यावर हात धुताना माझ्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मलाही येतात गं. चाळीस वर्षं चिमट्याने काढतेय. तुझ्या काकांनासुद्धा माहीत नाही."

पुढच्या शनिवारी तिला डॉक्टरांकडे नेतेय. तिचे बरेचसे पांढरे झालेत, लेझर चालणार नाही. पण निदान दार लावून बसायला नको.