पाच मिनिटं सल्ला नाही

समुपदेशकांच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी जोड्या लावते. एकाने आपली सुटत नसलेली सवय सांगायची: तंबाखू, चहा, रात्रीचा मोबाइल, काहीही. दुसऱ्याने पाच मिनिटं नुसतं ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. बहुतेकांचा धीर दुसऱ्याच मिनिटाला सुटतो. "अहो, मग खिशात बडीशेप ठेवा ना!" कळवळा असतो म्हणूनच ही माणसं व्यसनमुक्तीच्या कामात येतात. पण व्यसनी माणसाने सल्ले घरी, नाक्यावर, सासुरवाडीत पोटभर ऐकलेले असतात. त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं कुणी भेटलेलं नसतं.

*

"पिता का?" याला "कधीमधी" हे उत्तर ठरलेलं. म्हणून विचारायचं: शेवटची कधी घेतली, काय घेतली, किती, एकट्याने की चौघांत. मग हिशेब करायला लावते. व्हिस्कीची क्वार्टर म्हणजे 180 मिलिलिटर, त्यात 42.8 टक्के अल्कोहोल, वजनात साधारण 60 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना 10 ग्रॅमचं एक पेय धरते. म्हणजे "एकच क्वार्टर" म्हणणारा रोज सहा पेयं घेतोय. हा आकडा त्याच्या तोंडावर फेकायचा नाही. त्याच्या शेजारी बसून कागदावर मांडायचा आणि तो काय म्हणतो याची वाट पाहायची.

*

"चार दिवस खोलीत कोंडतो, उतरेल आपोआप," असं म्हणणारा भाऊ प्रत्येकाला कधी ना कधी भेटतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, त्यानंतर भास आणि भ्रम. उपचार वेळेत मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. "भिंतीवर किडे फिरतायत" हे वाक्य कानावर पडलं की समुपदेशन तिथेच थांबवायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं.

ब्राउन शुगरवाल्याची टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, बघवत नाही, तरी ती सहसा जीव घेत नाही. त्याचा मोठा धोका पुढे आहे. महिनाभर बंद राहिल्याने शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि बाहेर पडल्यावर तो जुन्याच मापाने घेतो. घरी सोडताना हे त्याला आणि घरच्यांना, दोघांनाही स्पष्ट शब्दांत सांगायचं.

*

विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची गोष्ट दर तुकडीला सांगते. 1982 साली ते नॉर्वेत बर्गनजवळच्या एका उपचार केंद्रात होते. तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ त्यांना सरावात मध्येच थांबवून विचारत: आत्ता हाच प्रश्न का विचारलात? रुग्णाच्या याच वाक्याला का धरलंत? उत्तरं देता देता मिलर यांना आपलीच पद्धत दिसू लागली. माणसाला बदलायचंही असतं आणि नकोही असतं. आपण दामटलं की तो नको असलेली बाजू लढवतो. यातून 1983 चा लेख आला आणि 1991 मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासोबतचं पुस्तक. शिकणाऱ्यांच्या प्रश्नांतून ही पद्धत उभी राहिली, म्हणून माझ्या वर्गात मला थांबवायची मुभा सगळ्यांना आहे.

*

"ताई, भातात कालवून द्यायची पावडर मिळते म्हणे?" हे दर आठवड्याला कुणीतरी बाई विचारते. ती पावडर म्हणजे बहुधा डायसल्फिराम. ते शरीरात अल्कोहोलचं विघटन अर्ध्यावर अडवतं, विषारी ॲसिटाल्डिहाइड साठतं. चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. ज्याला घ्यायचं त्याला सगळं माहीत असताना, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते कामाला येतं. चोरून दिलं तर जिवावर बेतू शकतं. हे सांगायचंच. पण त्याआधी त्या बाईला विचारायचं, तुमची झोप कधीपासून उडालीय?

*

29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर. व्यसनातून बाहेर आलेल्यांनीच तिथे पुढे कार्यकर्ते म्हणून काम धरलं. त्याआधी 1935 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रनला दोन दारुडे एकमेकांशी बोलून सावरले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभी राहिली. "मीही तिथे होतो" या वाक्याला जे वजन आहे ते माझ्या पदवीला नाही, हे मी मनापासून मानते.

तरीही अशा कार्यकर्त्याला प्रशिक्षण लागतं, आणि जरा जास्तच. स्वतःची वाट त्याला एकमेव वाट वाटू लागते. शिवाय दिवसभर दारूच्याच गोष्टी ऐकून संध्याकाळी त्याची स्वतःची तलफ जागी होऊ शकते. ती त्याने कुणापाशी बोलायची, हे कामावर घेतानाच ठरलेलं असावं.

*

मी उमेदवारी केली त्या केंद्रात स्लिप झालेल्याला, म्हणजे पुन्हा प्यायलेल्याला, सकाळच्या सभेत सगळ्यांसमोर माफी मागायला लावत. मी गप्प बसले. दुसऱ्यांदा स्लिप झालेला एकजण मग आलाच नाही. त्याची रिकामी खुर्ची मला अजून आठवते. आता शिकवते: परत आलेल्याला पहिलं वाक्य "बरं झालं आलात". मग त्या दिवसाचा तासातासाने मागोवा: सकाळी काय झालं, पैसे कुठून आले, पाय कुठल्या रस्त्याला वळले. पुढच्या वेळचा बचाव त्या तपशिलातच सापडतो.

*

2019 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दारूमुळे मदतीची गरज असलेले लोक 5.7 कोटींच्या घरात. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलेतरी उपचार मिळाल्याचं त्यात नोंदलं आहे. वर्गातली वीस माणसं बघते तेव्हा हे आकडे डोक्यात असतात. म्हणून घाईत तयार करून पाठवावं असा मोह होतो. पण कच्चा समुपदेशक त्या एकालाही घालवून बसेल.

*

आज जेवताना तालुक्याहून आलेल्या मुलीने विचारलं, "मॅडम, आमचं गाव लहान. बाजारात पेशंट भेटला तर बोलू का?" 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवलाय, पण भाजीच्या गाड्यापाशी काय करायचं ते कायद्यात नाही. पहिल्याच भेटीत त्यालाच विचारून ठेव, असं सांगितलं. त्याने ओळख दिली तर नमस्कार करायचा. नाही दिली, तर आपण मेथीची जुडी निवडत राहायचं.

उद्याचं सत्र यावरच घ्यायचं.