उठलेल्या अंगावरच्या खुणा

मी सोनारीचा. भैरवनाथाची सोनारी, तालुका परंडा, जिल्हा पूर्वी उस्मानाबाद, आता धाराशिव. आमच्याकडं मेलेला माणूस परत येतो म्हणतात, तो दोन वाटांनी. एक तर भूत होऊन झाडाला लागतो, नाहीतर पुढला जन्म घेतो. भुताचं सोडा, त्यानं आमचं फार वाकडं केलं नाही. पण पुढल्या जन्मानं आमच्या पिढ्या कापल्या. मागल्या जन्मी पाप केलंस म्हणून म्हारामांगाच्या पोटी आलास, आता गप सोस, पुढल्या खेपेला बरं होईल. म्हणजे गुन्हा आठवत नाही, खटला कुणी चालवला नाही, आणि शिक्षा मात्र जन्मभर अंगावर.

तिसरी वाट मला मावशीनं दाखवली. ती नगर जिल्ह्यात ख्रिस्ती घरात दिलेली. आम्ही बाबासाहेबांच्या मागं बौद्ध झालो, तिच्या सासरचे त्याच्या कितीतरी आधी मिशनबरोबर गेलेले. अमेरिकन मराठी मिशननं नगरला १८३१ साली ठाणं मांडलं, आणि पुढं त्या भागातले महारवाडे, मांगवाडे त्या वाटेनं गेले. मावशी ईस्टरच्या पहाटे अंधारात कबरस्तानात जाऊन मेणबत्ती लावायची. मी आत्मा न मानणारा, पुस्तकं वाचलेला. मी म्हणालो, "मावशे, मेलेला माणूस उठंल का?"

ती म्हणाली, "उठला का न्हाई ते तुझं तू बघ. पर उठला तवा हाताची भोकं तशीच व्हती. ते वाचलंस का?"

मग वाचलं. योहानाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात आहे. थोमा अडून बसतो की खिळ्यांचे वण बघितल्याशिवाय मी मानणार नाही. आणि येशू त्याला हात दाखवतो, कूस दाखवतो. मरणातून उठणाऱ्याला गुळगुळीत नवं अंग घेऊन यायला काय हरकत होती? पण अंग तेच. वणासकट.

मित्रांनो, आपल्यातले शिकलेलेही पुनरुत्थान आणि पुनर्जन्म एकाच दावणीला बांधतात. ते तसं नाही. पुनर्जन्मात अंग बदलतं आणि निकाल कायम राहतो. पुनरुत्थानात अंग तेच राहतं, निकाल फिरतो. क्रूस ही रोमन राज्यात मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा. येणाऱ्याजाणाऱ्यानं बघून दहशत खावी म्हणून वेशीबाहेर द्यायची. वेशीबाहेर म्हणजे काय ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. येशूला चोरूनमारून मारलं नाही, पिलात सुभेदाराच्या हुकमानं, रीतसर मारलं. आणि ईस्टरला ख्रिस्ती माणूस म्हणतो की हुकूम खोटा होता, मारलेला खरा होता. ही खबर पहिल्यांदा आणली बायकांनी. शिष्यांना ती बायकांची बडबड वाटली, असं लूकनं लिहून ठेवलंय. लपवलं नाही, हे मला आवडलं.

१९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी असला विचार उघड मांडायला सुरुवात केली. पुढं त्यांनी येशूलाच दलित म्हटलं, क्रूसावर मोडलेला, तुडवलेला. मी आजही बौद्ध आहे, उठलेल्या देहावर माझा विश्वास नाही. पण विश्वास ठेवणाऱ्यांना विचारायचा हक्क मला मावशीनं दिलाय. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती दफनभूमीत सवर्ण आणि दलित मढ्यांच्या मधे भिंत बांधली. शेवटच्या दिवशी सगळे उठणार म्हणता ना? मग उठल्यावर ती भिंत कोण पाडणार, मढी?

सरकारचं तर त्याहून निराळं. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात फक्त हिंदूंना ठेवली. १९५६ साली शिखांना घेतलं, १९९० साली आम्हा बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. म्हणजे बाप्तिस्म्याचं पाणी पडलं की वण गेले! सूसाई नावाचा मद्रासचा रस्त्यावरचा चांभार. सरकारनं चांभारांना टपऱ्या वाटल्या, त्याला नाही, कारण तो ख्रिस्ती. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ साली न्यायालय म्हणालं की धर्म बदलल्यावरही जाच तितकाच राहतो हे दाखवणारा पुरावा पुरेसा नाही. थोमानंही पुरावा मागितला होता. पण त्यानं समोरचा हात तरी बघितला. २०२२ साली केंद्रानं याच प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला. नेमायला बहात्तर वर्षं लागली.

माझा मावसभाऊ दाखल्यासाठी एका कचेरीत गेला होता. कारकून म्हणाला, "तुम्ही ख्रिस्ती. तुम्हाला कसली आली जात?" मग आडनाव वाचलं, गाव विचारलं, गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं. भाऊ म्हणाला, ओढ्याच्या पलीकडं. कारकुनानं मान हलवली, टेबलावरचा आपला पाण्याचा तांब्या उचलून स्वतःच्या बाजूला घेतला आणि अर्ज परत दिला. भावानं तो मावशीला दाखवला. तिनं चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि बायबलात ठेवला. कुठल्या पानाला ते मी बघितलं नाही.