पाच वाजताचा मजूर

पिंपरी-चिंचवडचे जीवन घड्याळाच्या काट्यावर चालते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना उभा राहिला. पुढे चिंचवड, आकुर्डी, भोसरी अशी कारखान्यांची रांग लागली आणि ती थेट चाकणपर्यंत पोहोचली. पाळी, हजेरी, ओव्हरटाइम, बोनस हे शब्द येथील मुले लहानपणापासून ऐकतात. जितके काम तितका दाम, हा न्याय आमच्या हाडीमासी भिनला आहे. म्हणूनच मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला मिस्सामध्ये वाचला जातो, तेव्हा आम्हा कामगारांच्या बाकांवर थोडी चुळबुळ होते. पहाटेपासून उन्हात राबलेल्यांना एक दीनार आणि सायंकाळी पाचला आलेल्यांनाही एकच दीनार! कोणती युनियन हे मान्य करील?

परंतु दाखला नीट ऐकावा. मळ्याचा धनी दिवसातून पाच वेळा बाजारात जातो. माणसे शोधायला तो कारभाऱ्याला पाठवीत नाही, स्वतः जातो. सायंकाळपर्यंत उभे राहिलेले लोक आळशी नव्हते. त्यांना कोणी बोलावलेच नव्हते. थेरगावच्या डांगे चौकातील मजूर अड्ड्यावर डबा घेऊन उभी असलेली माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. काम न मिळालेल्याच्या घरीही रात्री चूल पेटवावीच लागते. दीनार ही त्या काळी एका दिवसाची मजुरी होती, म्हणजे एका घराची एका दिवसाची भाकर. धन्याने तास मोजले नाहीत, भूक पाहिली. परमेश्वराची प्रीती अशी आहे. ती आपल्या हजेरीपटावर अवलंबून नाही.

या प्रीतीची कसोटी लागते ती शेजारी उभ्या असलेल्या माणसापाशी. आज कारखान्यात कायम कामगार आणि कंत्राटी मुले एकाच यंत्रावर काम करतात, पण पगाराच्या दिवशी त्यांची वाट वेगळी होते. झारखंड, ओडिशा, छत्तीसगढमधून आलेली कित्येक कॅथलिक मुले रविवारी देवळात मागच्या बाकावर बसतात आणि मिस्सा संपताच निघून जातात. त्यांचे नाव विचारणारे थोडेच असतात.

त्यांच्यापैकी एकाची दोन बोटे प्रेस मशीनमध्ये गेली. कंत्राटदाराचा फोन लागेना. आमच्या धर्मग्रामातील एका विधवा भगिनीने त्याला सहा आठवडे आपल्या घरी ठेवून घेतले. कायम भरती थांबल्यामुळे तिच्या स्वतःच्या मुलाला कारखान्यात जागा मिळाली नव्हती, हे साऱ्यांना ठाऊक होते. शेजारणींनी तिला ते बोलूनही दाखविले. ती म्हणाली, “त्याची आई दूर आहे. डाव्या हातानं त्याला भात कालवता येत नाही.” यापलीकडे तिने काही स्पष्टीकरण दिले नाही. पुढे तिच्याच मुलाने त्याच्या ईएसआयच्या कागदपत्रांसाठी खेपा घातल्या.

त्या खेपाही मला महत्त्वाच्या वाटतात. प्रेम केले म्हणजे न्यायाची जबाबदारी संपली, असे नाही. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, ही आज्ञा अनुवादाच्या ग्रंथात आहेच. धन्यानेही पहाटेच्या मजुरांचा एक पैसा बुडविला नाही. त्यांचे दुःख वेगळे होते: दुसऱ्याला मिळालेले त्यांना पाहवले नाही.

आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील वा आपण स्वतः कधीतरी अहिल्यानगर जिल्ह्यातून, गोव्यातून, मंगळूरहून वा केरळातून एक ट्रंक घेऊन या शहरात आलो. तेव्हा कोणीतरी आपल्याला खोली दाखविली, कोणीतरी साहेबांकडे शब्द टाकला. देवाच्या मळ्यात तर आपण सारेच उशिरा आलेले आहोत. येत्या रविवारी शांतीचे अभिवादन करताना मागच्या बाकापर्यंत जावे, नाव विचारावे आणि शक्य झाल्यास जेवायला बोलवावे. कोण किती वाजता आला, हे धन्याने विचारले नाही. आपणही विचारू नये.