सहा डिसेंबरला येणार असाल, तर एक दिवस ठाणे-कल्याणसाठी राखून ठेवा

महापरिनिर्वाण दिनाच्या सुमारास आमच्या ठाणे, कळवा, डोंबिवली आणि कल्याणच्या वस्त्यांमध्ये घरोघरी पाहुणे उतरतात. कोणी अकोल्याचा मामा, कोणी भुसावळची आत्या, कोणी सोलापूरकडचे व्याही. नागपूरकडून येणारी गाडी इगतपुरी-कसाऱ्याचा घाट उतरून कल्याणला येते, सोलापूर-पुण्याकडची गाडी लोणावळा-कर्जतवरून उतरून कल्याणलाच येते. दोन्ही लोहमार्ग इथे एक होतात. त्यामुळे आपल्या हजारो माणसांनी कल्याणचा फलाट पाहिलेला असतो, पण कल्याण पाहिलेले नसते. ठाण्याचेही तसेच.

सहा तारीख चैत्यभूमीची. त्या दिवसाला सहलीची जोड देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु पुष्कळ मंडळी पाच तारखेला येतात आणि परतीची गाडी सातला किंवा आठला असते. मधला वेळ दहा बाय बाराच्या खोलीत पाय आखडून बसण्यात जातो, किंवा मुलांच्या हट्टापायी एखाद्या मॉलमध्ये. मॉलमध्ये काही न घेता फिरले तरी चारजणांच्या कुटुंबाचे खाण्यापिण्यात बरेच पैसे सुटतात आणि हाती काही लागत नाही. म्हणून ही थोडी माहिती. लोकलच्या आणि बसच्या तिकिटात, घरून डबा घेऊन, एक-दोन दिवसांत होईल एवढीच सांगतो.

ठाण्यापासून सुरुवात करू. ठाणे स्टेशनवर उतरल्यावर मुलांना प्रथम एवढे सांगा की, १६ एप्रिल १८५३ रोजी या देशातली प्रवाशांची पहिली आगगाडी मुंबईच्या बोरीबंदरहून निघून इथेच येऊन थांबली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि ३४ किलोमीटरचे अंतर. पुढच्याच वर्षी, मे १८५४ मध्ये, खाडी ओलांडून गाडी कल्याणपर्यंत गेली. त्या दिवसाच्या वर्णनांत साहेबांची, शेठजींची, बँडची आणि तोफांच्या सलामीची नोंद आहे. खाडीत पाय रोवून ज्यांनी पुलाचे दगड रचले आणि डोक्यावरून खडी-माती वाहिली, त्यांची नावे मात्र त्यात नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कान्हेरीला तिचा संबंध येणार आहे.

स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर मासुंदा तलाव आहे. सगळे त्याला तलावपाळीच म्हणतात. ठाणे हे तलावांचे शहर. त्यांतले काही आता नावापुरतेच उरले असले, तरी मासुंदा अजून रुंद आहे. संध्याकाळी पाळीवर बसायला पैसे पडत नाहीत. लहान मुलांना नौकेत बसवायचे असेल तर दर आधी विचारून घ्या. पाळीला लागूनच राम गणेश गडकरी रंगायतन हे नाट्यगृह आहे. अनेकांची भूक मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीवर भागते. ती झणझणीत असते, तेव्हा मुलांसाठी कमी तिखट मागावी. स्टेशनजवळ कुंजविहारचा वडापाव आहे, तो आकाराने एवढा मोठा की एकात दोन मुलांचे भागते.

कोर्टनाक्याला बाबासाहेबांचा पुतळा आहे. तिथे नमन करून पुढे कारागृहाच्या बाजूला गेलात की जुनी जाड दगडी भिंत दिसेल. हा मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, तो पुरा होण्याआधीच १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला आणि १७७४ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. त्यांनी पुढे त्याचा तुरुंग केला. पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथून निसटला. नाशिकच्या जॅक्सन खटल्यातील अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघा तरुणांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिले गेले. आत जाता येत नाही, बाहेरूनच पाहायचे. छायाचित्रे काढण्याच्या फंदात पडू नका, कारागृह चालू आहे.

ज्यांच्या घरात शिकणारी मुले आहेत त्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय जरूर दाखवावे. १८९३ सालचे आहे. खेड्यातल्या मुलाला एवढी पुस्तके एका जागी दिसली की तो काही बोलत नाही, पण घरी गेल्यावर आईला सांगतो. याच ठाण्यात डिसेंबर २०१० मध्ये ८४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्याचे अध्यक्ष 'वाट तुडवताना'चे लेखक उत्तम कांबळे होते, हेही त्याला सांगून ठेवा.

आता लोकलविषयी थोडे रोखठोक. सकाळी आठ ते अकरा कल्याणकडून मुंबईकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ मुंबईकडून कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत बोचकी आणि लेकरे घेऊन चढू नये. तुम्ही उलट जा. सकाळी ठाण्याहून कल्याणकडे जाणारी धीमी गाडी पुष्कळदा बसायला मिळण्याइतकी मोकळी असते. दारात तर कोणीच उभे राहू नये, तरुण पोरांनी मुळीच नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसे धावत्या गाड्यांतून खाली पडली आणि त्यांतली काही जिवानिशी गेली. ती कामावर निघालेली होती, त्यांना वेळ गाठायची होती. पाहुण्यांना कसली घाई?

धीम्या गाडीत खिडकी मिळाली तर कळवा सुटल्यावर बाहेर पाहत राहा. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि खारफुटी. डोंगरातला मोठा बोगदा १९१६ सालचा आहे. दिवा, कोपर करीत गाडी डोंबिवलीला येते. डोंबिवलीत पाहण्यासारखी जुनी वास्तू शोधू नका, फारशी सापडणार नाही. हे नोकरदारांचे आणि एम.आय.डी.सी.तल्या कामगारांचे गाव. सकाळी सगळे जाते आणि रात्री सगळे परत येते. फडके रोडवर एक फेरी मारा, नाटकाचा प्रयोग असला आणि खिशाला परवडला तर सावित्रीबाई फुले कलामंदिरात जा. पुढे ठाकुर्लीला रेल्वेच्या विजेसाठी उभारलेले चोळा पॉवर हाऊस होते. ते बंद पडून बरीच वर्षे झाली, पण जुन्या रेल्वे कामगारांच्या बोलण्यात ते अजून जिवंत आहे.

मग कल्याण. या गावाचे वय कल्याणकरांनाही ठाऊक नसते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तकात कल्याणचे नाव आहे. पूर्वी हे रीतसर व्यापाराचे बंदर होते, पुढे राज्यकर्ता बदलला, बंदर अडवले गेले आणि इथे चुकून लागणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला धाडली जाऊ लागली, असे त्यात म्हटले आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा दुसरा प्रवासीही कल्याणच्या व्यापाराची नोंद करतो. ज्या खाडीवर हे सारे चाले, ती पाहायची तर दुर्गाडीला जावे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतले आणि इथल्या खाडीत आपल्या आरमाराचा आरंभ केला. किल्ल्याचे आता थोडकेच उरले आहे. वर उभे राहून उल्हास नदीची खाडी पाहिली म्हणजे बंदर इथेच का झाले ते मुलांना न सांगता समजते.

गावात सार्वजनिक वाचनालय आहे, १८६४ सालचे, म्हणजे ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयाहून एकोणतीस वर्षांनी थोरले. डॉ. आनंदीबाई जोशी याच कल्याणच्या. ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाला त्यांना डॉक्टरकीची पदवी मिळाली, तेव्हा त्यांचे वय एकवीसही पुरे नव्हते. लेकीबरोबर असाल तर पारनाक्याच्या बाजूने चालताना हे अवश्य सांगा. कल्याण पूर्वेला बाबासाहेबांच्या नावाचे ज्ञानकेंद्र महापालिकेने उभारले आहे, त्याचे लोकार्पण २०२४ मध्ये झाले. तिथे जाण्यापूर्वी उघडण्याची वेळ विचारून घ्यावी. आणि भूक लागली तर खिडकी वडा. एका घराच्या खिडकीतून विकायला सुरुवात झाली म्हणून हे नाव पडले.

ज्यांना आणखी अर्धा दिवस काढता येईल त्यांनी कल्याणहून भिवंडीच्या बाजूला लोनाडचे लेणे पाहावे. डोंगराच्या अंगात खोदलेले छोटे बौद्ध लेणे आहे. खांबांची ओसरी आहे आणि भिंतीवर माणसांचे कोरीव शिल्पपट आहेत, ते झिजले आहेत पण ओळखू येतात. आत आता देवीची मूर्ती आहे आणि गावकरी तिची पूजा करतात. कोणाशी वाद घालू नका. शांतपणे पाहा, मुलांना भिक्खूंची राहण्याची जागा कशी असे ते दाखवा आणि परत या. खडूने नावे लिहिणाऱ्या पोरांना मात्र दटावले तरी चालेल. भोवताली गोदामे इतकी झाली आहेत की वाट विचारतच जावे लागते. रिक्षा जाऊन-येऊन ठरवा, परतीला तिथे वाहन मिळत नाही.

पण एकच ठिकाण पाहायचे असेल आणि एकच दिवस असेल, तर आम्ही कान्हेरी सांगू.

ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचा जो डोंगर दिसतो, त्याच्याच पलीकडच्या अंगाला कान्हेरीची लेणी आहेत. जंगलातून जायला परवानगी नाही. ठाण्याहून घोडबंदर मार्गाने बोरिवलीची बस धरायची आणि राष्ट्रीय उद्यानाच्या दरवाजाशी जायचे. आत लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत, उद्यानाची गाडी मिळते. उद्यानाचे तिकीट निराळे आणि लेण्यांचे निराळे. लेण्यांना पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. सोमवारी बंद असते, तेव्हा सात तारीख सोमवारी आली तर बेत बदला. खाण्याची पिशवी हातात धरून चालू नका, माकडे ओढून नेतात.

शंभराहून अधिक लेणी आहेत आणि ती हजार वर्षांच्या काळात खोदली गेली. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह प्रथम पाहा. त्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना बुद्धाच्या उभ्या, माणसाच्या तिपटीहून उंच मूर्ती आहेत. आत खांबांच्या रांगेपुढे स्तूप. तिथे थोडा वेळ सगळ्यांनी खाली बसावे. मुले आपोआप हळू बोलू लागतात. अकराव्या लेण्यात मोठी सभा भरण्याजोगी जागा आहे, दगडाचे लांब बाक आहेत. मग वर चढत जा आणि पाण्याची टाकी पाहा. जवळजवळ प्रत्येक लेण्याला टाके आहे. पावसाचे पाणी खडकातल्या पन्हळींतून त्यात उतरते.

आणि लेख पाहा. भिंतींवर ब्राह्मी अक्षरे कोरलेली आहेत, भाषा प्राकृत आहे. राजांची नावे थोडी, दात्यांची फार. सोपाऱ्याचे, नाशिकचे, कल्याणचे. कल्याणचा सामिदत्त नावाचा सोनार होता, त्याने पाण्याचे टाके दिले. कल्याणचाच नंद नावाचा लोहार होता, त्याने वाट करून दिली. भिक्खूंना आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाय ठेवायला डोंगरातली वाट. लोहाराचे दान म्हणून ते कोरले गेले आणि दीड-दोन हजार वर्षे राहिले. ठाण्याच्या पुलावर राबलेल्या मजुराच्या वाट्याला हे आले नाही. कान्हेरीच्याच लेखांत कल्याणच्या अंबालिका विहाराचे नाव येते, म्हणजे ज्या जंक्शनवर आपण गाडी बदलतो त्या गावात विहार होता. आज तिथे त्याची एक वीटही दाखवता येत नाही, डोंगरातल्या दगडावरचे नाव तेवढे राहिले.

आमच्या वस्तीत फॅब्रिकेशनच्या कामाला जाणारी, वेल्डिंग करणारी पुष्कळ मंडळी आहेत. त्यांच्या मुलांना हा नंद लोहार आवडतो, असा आमचा अनुभव आहे. जाताना वही आणि पेन्सिल न्यावी. ब्राह्मीतली दोन-चार अक्षरे मुले चटकन उतरवून घेतात आणि परतीच्या गाडीत आपले नाव त्यात लिहिण्याचा खेळ करतात. कोरलेल्या अक्षरांवरून बोटे फिरवू देऊ नका, ती झिजत चालली आहेत. टाक्यांत बाटल्या टाकलेल्या दिसल्या तर मनस्ताप होतो. चवदार तळ्यासाठी ज्यांचे आजे-पणजे महाडला गेले, त्यांनी तरी तसे करू नये.

दुपारी जेवायला सोबतची भाकरी बरी, आत खाण्यापिण्याची सोय बेताची असते. पिण्याचे पाणी प्रत्येकाने आपले न्यावे. म्हातारी माणसे बरोबर असतील तर त्यांना चैत्यगृहाशी सावलीत बसवून तरुणांनी वर जाऊन यावे, पायऱ्या पुष्कळ आहेत. उद्यान बंद व्हायच्या बऱ्याच आधी खाली उतरा, शेवटच्या गाडीला रेटारेटी होते. बोरिवलीहून ठाण्याच्या बसला घोडबंदर रोडवर किती वेळ लागेल ते कोणी सांगू शकत नाही. रात्री कल्याणहून नागपूरकडची किंवा सोलापूरकडची गाडी धरायची असेल, तर सामान सकाळीच बांधून नातेवाइकांकडे तयार ठेवा आणि दोन तास हाताशी जास्त धरा.